चंडीगडच्या खुर्च्या व त्यांवरील लेख : एक साधनविचार

(१) विषयप्रवेश

इतिहासाचीं साधनें कोणतीं, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडील अभ्यासक ठराविक क्रमानें देत आले आहेत. ताम्रपट, शिलालेख, नाणीं, सनदा, महजर, पत्रें, बखरी व शकावल्या अशी ती मालिका आहे, आणि या त्रैमासिकाचीं पानें बहुतांशीं तिनेंच भरलेलीं असतात. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या साधनाचा विचार करणार आहों तें या मालिकेंत बसत नाहीं. कित्येक वाचकांस तर त्यास साधन म्हणणेंच विपरीत वाटेल. तें साधन म्हणजे सरकारी कचेऱ्यांत, ग्रंथालयांत व वसतिगृहांत वापरलेलें लांकडी सामान; आणि तेंहि एखाद्या जुन्या संस्थानाच्या राजधानींतील नव्हे, तर स्वातंत्र्यानंतर वसविलेल्या चंडीगड नगरांतील.

विसाव्या शतकाच्या मध्यभागांतील, स्थूलमानानें १९४५ ते १९७० या काळांतील, घरगुती व कार्यालयीन वस्तूंचा संग्रह करण्याची आवड युरोप व अमेरिका या खंडांत गेल्या कांहीं दशकांत फार वाढली आहे. डेन्मार्कमधील हान्स वेग्नर याच्या खुर्च्या, अमेरिकेंतील चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याचें वांकविलेल्या प्लायवुडचें सामान, फ्रान्समधील झां प्रूव्हे याचीं पोलादी पत्र्याचीं टेबलें, लंडनमध्यें स्थायिक झालेल्या ल्यूसी री हिचीं मृत्पात्रें, या सर्वांस आतां लिलांवगृहांच्या छापील यादींत मानाचें स्थान मिळतें. यांतील बरेंच सामान मुळांत सर्वांस परवडावें व सर्वत्र वापरलें जावें या हेतूनें घडविलें गेलें होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. या बाजारांत भारतांतून गेलेला सर्वांत प्रसिद्ध माल म्हणजे चंडीगडच्या खुर्च्या होत.

या खुर्च्यांची किंमत किती आली, हा आमचा विषय नव्हे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वस्तु वांचली म्हणजे तिचा इतिहास वांचलाच असें नाहीं. वस्तु, तिचें स्थान व तिची नोंद हीं तिन्ही एकत्र राहिलीं तरच ती वस्तु साधन ठरते. चंडीगडच्या हजारों खुर्च्या वांचल्या, परंतु त्यांतील पुष्कळांचें साधनत्व गेलें. जें उरलें आहे तें राखतां येण्यासारखें आहे, व तें कसें राखावें हें सांगण्याचा येथें यत्न केला आहे.

(२) नगराची स्थापना

१९४७ च्या फाळणींत लाहोर पाकिस्तानांत गेलें आणि पूर्व पंजाबास राजधानी उरली नाहीं. कारभार तात्पुरता सिमल्यास हलविण्यांत आला व शिवालिक टेंकड्यांच्या पायथ्याशीं नव्या राजधानीची जागा निवडण्यांत आली. नगररचनेचें काम प्रथम अमेरिकेंतील अल्बर्ट मेयर व त्याचा सहकारी मॅथ्यू नोविकी यांजकडे होतें. नोविकी हा १९५० सालीं विमानाच्या अपघातांत मरण पावला. तेव्हां प्रशासक थापर व मुख्य अभियंते वर्मा हे नवे स्थपति शोधण्यासाठीं युरोपांत गेले. आणि त्यांच्या वाटाघाटींतून ल कॉर्बुझिए, त्याचा भाऊबंद पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हें इंग्रज दांपत्य, असे चौघे या कामावर नेमले गेले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें नगराचें उद्घाटन झालें. उच्च न्यायालयाची इमारत १९५५ सालीं कामास लागली.

या चौघांपैकीं जगाच्या मुखीं नांव आहे तें ल कॉर्बुझिए याचें. परंतु तो वर्षांतून कांहीं आठवडे येऊन परत जात असे. फ्राय व ड्रू यांचा करार तीन वर्षांचा होता. नगरांत राहून, रोजच्या रोज बांधकामावर उभा राहून काम पुरें केलें तें जानरे यानें. १८९६ सालीं जिनीव्हा येथें जन्मलेला हा गृहस्थ १९५१ पासून १९६५ पर्यंत चंडीगडांत राहिला, प्रकृति ढांसळल्यावर स्वदेशीं गेला व १९६७ सालीं वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याचे भस्म चंडीगडच्या सुखना तलावांत विसर्जिलें गेलें.

नवें नगर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. न्यायालय, सचिवालय, विधानसभा, विद्यापीठ, महाविद्यालयें, वसतिगृहें व नोकरवर्गाचीं घरें एकाच दशकांत उभीं राहूं लागलीं, आणि त्या सर्वांस बसावयास, लिहावयास व पुस्तकें ठेवावयास सामान पाहिजे होतें. तें हजारोंच्या संख्येनें, अल्प खर्चांत आणि जवळपासच्या कारागिरांकडून करून घ्यावयाचें होतें. या गरजेंतून आपल्या विषयाची उत्पत्ति झाली.

(३) आसनांचें लक्षण

जानरे यास हें काम नवीन नव्हतें. ल कॉर्बुझिए, शार्लोत पेरियां व तो, या तिघांनीं १९२८ च्या सुमारास पॅरिस येथें पोलादी नळ्यांच्या खुर्च्या केल्या होत्या, व त्या १९२९ च्या प्रदर्शनांत मांडल्या होत्या. परंतु पंजाबांत त्यानें तो मार्ग धरिला नाहीं. पोलादी नळी वांकविण्याचे कारखाने तेथें हाताशीं नव्हते. सुतार मात्र होते. म्हणून त्यानें लांकूड व वेत यांवर भर दिला. पुष्कळ आसनांत साग वापरलेला असून कांहींत शिसम आहे; पाठ व बैठक वेतानें विणलेली असते. वेताच्या जाळींतून वारा खेळतो व उन्हाळ्यांत पाठ भिजत नाहीं, ही सोय उघड आहे. आपल्या स्वतःच्या राहण्याच्या घरीं त्यानें बांबू, दोर व लोखंडी सळ्या यांचेंहि सामान करून पाहिलें.

या आसनांची मुख्य खूण त्यांच्या पायांत आहे. कंपासपेटींतील कर्कटक उघडून उभें केलें असतां जी आकृति दिसते ती दोन्ही बाजूंस योजिलेली असते. पुढचा व मागचा पाय वरच्या टोंकास एकत्र येतात व खालीं फांकतात. लांकूड जाडजूड असून सांधे साधे आहेत. जी रचना साध्या हत्यारांनीं, कोणत्याहि खेड्यांतून आलेल्या सुतारास पुनःपुन्हां करतां येईल तीच येथें घेतली आहे. नक्षी कोठेंहि नाहीं.

येथें एका जुन्या ग्रंथाची आठवण देणें अप्रस्तुत होणार नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांच्या लक्षणांस एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यांत आसनास योग्य अशा वृक्षांची जी गणना आहे तींत शाक व शिंशपा हीं दोन्ही नांवें येतात. शाक म्हणजे साग. शिंशपा म्हणजे उत्तरेकडील शिसम, व आपल्याकडील शिसव हा त्याचा भाऊबंद. वराहमिहिरास शुभाशुभाची चिंता होती व जानरे यास खर्चाची व टिकाऊपणाची. तथापि दोघांची निवड या दोन लांकडांच्या बाबतींत एकच ठरली. यावरून जानरे यानें बृहत्संहिता पाहिली होती असें अनुमान कोणी काढूं नये. या देशांतील सुताराच्या हातास कोणतें लांकूड हजारों वर्षें वळणीं पडलें आहे, इतकेंच यावरून दिसतें.

(४) कर्तृत्वाचा प्रश्न

लिलांवाच्या यादींत या आसनांखालीं बहुधा एकच नांव असतें, तें पिएर जानरे याचें. क्वचित् ल कॉर्बुझिए याचें. हें निर्विवाद मानतां येत नाहीं. चंडीगडच्या स्थापत्यकचेरींत भारतीय स्थपतींचें मोठें मंडळ काम करीत होतें. युली चौधरी, आदित्य प्रकाश, एम्. एन्. शर्मा, जीत मल्होत्रा ही त्यांतील कांहीं ठळक नांवें. यांपैकीं युली चौधरी या बाईंनीं जानरे याच्या बरोबर सामानाच्या आकृत्यांवर काम केलें होतें हें प्रसिद्ध आहे, व ग्रंथालयांतील खुर्चीसारख्या कांहीं आकृतींत त्यांचा वांटा आतां मान्यहि केला जातो. परंतु हा वांटा कोठें किती, हें खुर्चीकडे पाहून ठरत नाहीं. त्यास कचेरींतील नकाशे, त्यांवरील तारखा व आद्याक्षरें पाहिजेत. जानरे याचे खाजगी कागद कानडा देशांतील माँट्रियल येथील स्थापत्यसंग्रहांत आहेत. म्हणजे खुर्ची एका खंडांत, कागद दुसऱ्या खंडांत व मूळ दालन तिसऱ्या ठिकाणीं, अशी स्थिति झाली आहे.

दुसरी गोष्ट, एकाच आकृतीच्या दोन खुर्च्या मोजल्या असतां सारख्या भरत नाहींत. हाताची उंची, पायाची जाडी, वेताची वीण यांत भेद आढळतो. कारण उघड आहे. काम निरनिराळ्या कारखान्यांस वांटून दिलें जाई व प्रत्येक मिस्त्री आपल्या हाताप्रमाणें नकाशा वाची. हस्तलिखितांच्या अभ्यासकांस ही स्थिति चांगली परिचित आहे. एकाच काव्याच्या निरनिराळ्या प्रतींत जसे पाठभेद येतात, तसेच हे भेद होत. पाठभेदांवरून आपण प्रतींचीं कुळें लावतों. त्याच रीतीनें या मापांच्या भेदांवरून कारखान्यांचीं कुळें लावतां आलीं असतीं, व ज्या सुतारांचें नांव कोणत्याहि यादींत नाहीं त्यांच्या हाताची निदान ओळख पटली असती. त्यासाठीं एकाच दालनांतील सर्व खुर्च्या एकत्र असावयास पाहिजे होत्या. त्या आतां पांगल्या आहेत.

(५) निर्लेखन

त्या पांगल्या कशा, हें आतां पाहूं. प्रत्येक सरकारी कचेरींत व शाळेंत एक जडवस्तुसंग्रहाची वही असते. शिक्षकाच्या पेशांत आम्हांस दरसाल या वहीशीं संबंध आला आहे. बांक, फळे, घड्याळें, नकाशे यांची एकेक ओळ. खरेदीची तारीख, संख्या, किंमत, शिल्लक व शेरा. वर्षाच्या शेवटीं मोजदाद होते. मोडकी वस्तु निरुपयोगी ठरली कीं वरिष्ठांच्या मंजुरीनें तिचें निर्लेखन होतें, म्हणजे ती वहींतून कमी केली जाते. नंतर लिलांव होऊन आलेली रक्कम जमा केली जाते. ही पद्धति चोख आहे व तींत अफरातफरीस वाव कमी राहतो. परंतु ही वही तीनच प्रश्न विचारते : किती घेतलें, किती उरलें, विकून किती आलें. वस्तु कोणी योजिली, कोणी घडविली, कोणत्या दालनासाठीं घडविली, हे प्रश्न विचारण्यास तींत रकानाच नाहीं.

चंडीगडांत हेंच झालें. सुमारें तीस-चाळीस वर्षांच्या वापरानें वेत फाटला, सांधे हलले. पोलादी कपाटें, गादीच्या व प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. जुनें सामान गच्चीवर, व्हरांड्यांत व आवारांत ढीग करून टाकलें गेलें. नियमाप्रमाणें तें निरुपयोगी ठरलें, नियमाप्रमाणें त्याचा लिलांव झाला, आणि भंगाराच्या भावानें तें विकलें गेलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस येथील कांहीं व्यापारी चंडीगडास आले व अशाच जाहीर लिलांवांतून त्यांनीं हें सामान मोठ्या प्रमाणांत घेतलें. त्यांनीं तें दुरुस्त करून परदेशीं नेलें. पुढील दहा वर्षांत पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क व शिकागो येथील लिलांवांत त्याच खुर्च्या हजारों डॉलरांस जाऊं लागल्या. नगराचा नकाशा उठविलेलीं गटारांवरील लोखंडी झांकणेंहि तेथें विक्रीस आलीं.

या व्यवहारांत चोरी शोधणारे पुष्कळ आहेत. क्वचित् तशीहि झाली असेल. परंतु मुख्य प्रवाह कायदेशीर होता हें मान्य केलें पाहिजे. अधिकाऱ्यानें वही पाहिली, व्यापाऱ्यानें खुर्ची पाहिली. आपल्या प्रांतास ही कथा अपरिचित नाहीं. जुनीं दप्तरें रद्दीच्या भावानें वाण्याकडे जात असतां इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव फिरले, व वाई येथें मिळालेल्या कागदांवरून त्यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. ज्यांनीं रुमाल विकले ते दुष्ट नव्हते. कागदाचा काय उपयोग हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. भेद एवढाच कीं, राजवाडे यांनीं प्रत्येक कागद कोणाच्या घरीं मिळाला हें नमूद करण्याची शिस्त पाळली, आणि चंडीगडास त्या वेळीं असा कोणी भेटला नाहीं.

(६) पूर्वपक्ष व उत्तरपक्ष

संग्राहकांची बाजू न ऐकतां त्यांस दोष देणें न्याय्य नव्हे. त्यांचा पूर्वपक्ष असा : आम्ही नेलें नसतें तर या लांकडाचें सरपण झालें असतें. आम्हीं दुरुस्ती केली, चित्रांसह ग्रंथ छापिले, जानरे याचें नांव ल कॉर्बुझिए याच्या छायेंतून बाहेर काढिलें. आणि आम्हीं भाव दिल्यावरच तुमच्या सरकारास जाग आली. हा पूर्वपक्ष बराचसा खरा आहे, व तो मान्य करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.

उत्तरपक्ष असा. दुरुस्तींत रंध्यानें वरचा थर निघाला, जुना वेत जाऊन नवा आला, नवें रोगण चढलें. म्हणजे जिच्या प्राचीनत्वासाठीं मोल दिलें तिचें प्राचीनत्व पुसलें गेलें. एका दालनाचा संच चार देशांत वांटला गेला. आणि यादींत ‘चंडीगड, सुमारें १९५५’ एवढीच नोंद राहिली. ‘सुमारें’ हा शब्द संशोधकाच्या लेखणींत अज्ञानाची कबुली असतो; विक्रेत्याच्या यादींत तो अलंकार होऊन बसतो. शिवाय भाव चढल्यावर नकली मालहि निर्माण झाला. इटलींतील कासिना या कारखान्यानें २०१९ पासून, आणि बंगलोर येथील फँटम हँड्स या कारखान्यानें त्याच्याहि पूर्वीपासून, या आकृतींच्या नव्या खुर्च्या उघडपणें नव्या म्हणून केल्या. त्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु नवें लांकूड मळवून जुनें म्हणून विकणारेहि आहेत, व स्थानाची नोंद नसल्यामुळें खरें-खोटें निवडणें कठीण झालें आहे. म्हणजे नोंद न ठेविल्याची हानि अखेर संग्राहकांसहि भोंवली.

एमी सीगल या अमेरिकन कलावती बाईंनीं २०१३ सालीं या सामानावर एक चित्रपट काढिला. त्याची मांडणी उलट्या क्रमाची आहे. प्रथम श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील खुर्ची, मग लिलांव, मग दुरुस्ती व जहाज, आणि शेवटीं चंडीगडची कचेरी. कार्यावरून कारणाकडे जाण्याची ही रीति आपल्याच शास्त्राची आहे. विशेष हें कीं तो चित्रपटहि त्याच वर्षीं लंडन येथें लिलांवांत विकला गेला.

(७) कायद्याची स्थिति

१९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि अधिनियमाप्रमाणें सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तु पुरावस्तु ठरते; हस्तलिखितें व तत्सम कागद यांस पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. १९५५ सालची खुर्ची या हिशेबानें २०५५ सालीं पुरावस्तु होईल. तोंपर्यंत ती निव्वळ सामान आहे. म्हणून परदेशांतील लिलांव थांबवा अशा विनंत्या भारताकडून वारंवार गेल्या तरी त्यांस कायद्याचा आधार तोकडा पडला. २०११ सालीं केंद्रीय गृहमंत्रालयानें या वारसावस्तूंच्या विक्रीस व परदेशगमनास मनाई करणारा आदेश काढिला. त्यानंतर चंडीगडच्या प्रशासनानें समितीकडून यादी करविली, व तींत बारा हजारांहून अधिक वस्तूंची गणती झाली. जानरे याचें पांचव्या विभागांतील राहतें घर २०१७ सालीं संग्रहालय म्हणून खुलें झालें. त्यापूर्वीं २०१६ सालीं युनेस्कोनें चंडीगडचा राजधानी-परिसर जागतिक वारशांत घेतला. परंतु ती मान्यता वास्तूंची आहे, वास्तूंतील आसनांची नव्हे.

त्याच अधिनियमांत दुसरा एक मार्ग आहे व त्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. शंभर वर्षें झालीं नसलीं तरी मानवनिर्मित कलाकृति तिच्या कलागुणांवरून ‘कलानिधि’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारास आहे. अट एवढीच कीं कर्ता हयात नसावा. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी राय, नंदलाल बोस इत्यादिकांच्या चित्रांस असेंच संरक्षण मिळालेलें आहे. जानरे १९६७ सालीं व युली चौधरी १९९५ सालीं निवर्तल्या, तेव्हां ती अडचण नाहीं. हजारोंनीं घडविलेली खुर्ची ही कलाकृति कीं सामान, असा वाद उपस्थित होईल हें खरें. आमच्या मतें सरसकट सर्व खुर्च्यांस नव्हे, तर ज्या आपल्या मूळ दालनांत संचासह उभ्या आहेत त्यांस हा दर्जा द्यावा. तसें केल्यानें कायदाच स्थानाचें महत्त्व मान्य करील.

(८) आसनलेखांचें वाचन

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. या पुष्कळ आसनांवर, बहुधा पाठीच्या मागें अथवा बाजूच्या पट्टीवर, साचा कापून रंगानें उमटविलेलीं अक्षरें व अंक आहेत. संस्थेचें नांव किंवा तिचीं आद्याक्षरें, कधीं विभागाची खूण, व अनुक्रमांक. कारकुनानें मोजदादीसाठीं हीं अक्षरें घातलीं. आज लिलांवांत तींच अस्सलपणाची खूण म्हणून दाखविलीं जातात. परंतु त्यांचें वाचन कोणी शास्त्रीय रीतीनें केलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. आमच्या मतें हे लहानसे शिलालेखच होत, व शिलालेखाचेच नियम त्यांस लावले पाहिजेत.

पहिला नियम स्थानाचा. अक्षरांतील संस्था हेंच आसनाचें मूळ स्थान असें धरून चालूं नये. तें आसन एका कचेरींतून दुसरीकडे गेलें असूं शकतें. जुन्या रंगाखालीं दुसरीं अक्षरें दिसत असल्यास तो स्थलांतराचा पुरावा समजावा. १९६६ सालीं पंजाबचें विभाजन होऊन हरयाणा राज्य निघालें, चंडीगड केंद्रशासित झालें व दोन्ही राज्यांची समाईक राजधानी ठरलें. एकाच इमारतींत दोन सरकारें आलीं तेव्हां सामानाची वांटणी कशी झाली, हें अशा दुहेरी लेखांवरून पडताळतां येईल. राजकीय इतिहासाचा इतका प्रत्यक्ष पुरावा खुर्चीच्या पाठीवर असावा, याचें नवल वाटतें.

दुसरा नियम संख्येचा. एखाद्या ग्रंथालयाच्या खुर्चीवर चारशेंचा अंक असेल तर तेथें निदान चारशें वस्तूंची नोंद होती इतकें निश्चित. पण तो अंक खुर्च्यांचाच होता कीं टेबलें-कपाटेंहि त्याच क्रमांत होतीं, हें वहीशीं ताडून पाहिल्यावांचून सांगूं नये. नाण्यांच्या ठशांवरून टांकसाळीचा अंदाज बांधतांना जी सावधगिरी लागते तीच येथें लागते.

तिसरा नियम कालाचा. अक्षरें उमटविल्याचा काल हा आसन घडविल्याचा काल नव्हे. मोजदादीच्या वेळीं अक्षरें पुन्हां घातलीं जातात. अक्षरांचें वळण, रंगाचा थर व संस्थेच्या नांवांतील बदल यांवरून क्रम लावावा, आणि वर्ष सांगावयाचें तें वहीवरून सांगावें.

चौथा नियम कूटलेखांचा. बनावट ताम्रपट जसे असतात तसे बनावट आसनलेखहि आहेत. रोगणाच्या वर अक्षर आहे कीं खालीं, झिजलेल्या कडेवर तें अखंड आहे कीं झिजेबरोबर झिजलें आहे, हें प्रथम पाहावें.

या चारहि नियमांचा आधार एकच, तो म्हणजे वही. खुर्चीवरील अंक हा लेख, व वहींतील ओळ ही त्याची टीका. एकीवांचून दुसऱ्याचा अर्थ लागत नाहीं. वस्तूंची यादी झाली हें उत्तम झालें. परंतु संस्थोसंस्थींच्या जुन्या जडवस्तुवह्या, निर्लेखनाचे आदेश व लिलांवाच्या पावत्या जेथें जेथें शिल्लक असतील तेथें तेथें त्यांचे छायालेख घेऊन ठेवणें हें त्याहून निकडीचें आहे. खुर्चीस भाव आहे, म्हणून तिचा राखणदार मिळेल. वहीस भाव नाहीं. ती मुदत संपली कीं नष्ट केली जाते.

(९) उपसंहार

चंडीगड दूर आहे, तेथील खुर्च्यांशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. दिवे, अडकित्ते, कुलपें व भांडीं हीं संग्रहास योग्य आहेत हें दिनकर गंगाधर केळकर यांनीं पुणें येथें आयुष्य वेंचून सिद्ध केलें, व तो संग्रह शासनाच्या स्वाधीन करून त्यास आपल्या दिवंगत पुत्राचें नांव दिलें. त्यांनीं जें घराच्या वस्तूंविषयीं केलें तें संस्थांच्या वस्तूंविषयीं करावयाचें अजून राहिलें आहे. आपल्याकडील शाळा, वाचनालयें, नगरपालिका, सहकारी पेढ्या यांच्या माळ्यांवर १९४० पासून १९७० पर्यंतचें सामान पडून आहे, आणि दर उन्हाळ्यांत त्याचें निर्लेखन होत आहे. त्यांतील सर्व राखावें असें आम्ही म्हणत नाहीं. मोडका बांक विकावाच लागतो. मात्र विकण्यापूर्वीं पांच गोष्टी लिहून ठेवाव्या : वस्तु कोणत्या दालनांत होती, तिचीं मापें, तिचें लांकूड, तिजवरील अक्षरें जशींच्या तशीं, आणि वहींतील तिची ओळ. शक्य तर एक छायाचित्र जोडावें. या कामास खर्च नाहीं, विद्वत्ताहि लागत नाहीं. शाळेंतील वरच्या वर्गाचे विद्यार्थी तें एका दिवसांत करूं शकतील.

ज्या वाचकांचा अशा संस्थांशीं संबंध आहे त्यांनीं आपल्या संस्थेच्या पहिल्या जडवस्तुवहीचा शोध घ्यावा, व ती मुदतबाह्य म्हणून नष्ट होणार असल्यास तत्पूर्वीं तिची प्रत करून मंडळाच्या दप्तरांत ठेवण्याची व्यवस्था करावी, अशी आमची विनंति आहे. चंडीगडास हें उशिरां कळलें. आपणांस तें वेळेवर कळलें आहे.